पुनम जळकोटच्या माळावर उतरली

३ सप्टेंबर, बुधवार

सोयाबीनमध्ये पाणी तुंबलंय. दिवसभर चर काढत होतो, तरी खालच्या पट्टीत गुडघाभर चिखल आहे. ही डायरी मी पेरणी-पावसाच्या नोंदीसाठी ठेवतो. पण आमची पोरगी पुनम लातूरला विमान शिकायला गेल्यापासून हिच्यात सोयाबीनपेक्षा पुनमच जास्त येते. येऊ दे. डायरी माझी आहे.

आज तिचा फोन आला. पुढच्या आठवड्यात ती एकटी विमान घेऊन जाणार. लातूरहून नांदेड, नांदेडहून उदगीरवरून वळून परत लातूर. शेजारी शिकवणारे सर नाहीत, कुणी नाही. निलंगा तालुक्यातली अशी पहिली मुलगी असेल. असेलच. संध्याकाळी स्टँडसमोरच्या हॉटेलात मी सगळ्यांना सांगितलं. एक एसटीचा ड्रायव्हर म्हणाला, "म्हंजे विनावाहक म्हणा की अप्पा." सगळे हसले. मीही हसलो आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले.

घरी बायकोला, महादेवीला सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, "एकटी म्हंजे शेजारी कुणीच न्हाई?"

"एकटी म्हंजे एकटीच असतंय," मी म्हणालो.

मग ती दुपारी निवडून ठेवलेली डाळ पुन्हा निवडत बसली. बायकांना अशा गोष्टीचा आनंद लवकर कळत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

जळकोटच्या सरकारी दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय. निघताना डायरी पिशवीत का टाकली ते मलाच माहीत नाही.

पुनम धडधाकट आहे. खांद्यावर पट्ट्याचा वळ उठलाय, बाकी काही नाही. तिनं इंजिन बंद पडलेलं विमान माळावर उतरवलं.

इंजिन बंद पडलेलं. हे वाक्य मी लिहून पुन्हा वाचलं.

१० सप्टेंबर, बुधवार

काल काय झालं ते आज नीट लिहितो.

सकाळी लातूरहून निघून ती नांदेडला व्यवस्थित उतरली. तिथून परत उडाली. जळकोटच्या अलीकडं आल्यावर उदगीरकडं वळली आणि वळताना इंजिनानं एक आचका दिला. मग दुसरा. मग ते खोकल्यासारखं करायला लागलं.

मी विचारलं, "तवा पहिलं काय केलंस? वायरलेसवर ओरडलीस का?"

"न्हाई अप्पा. पहिलं विमान सांभाळायचं. नाक खाली घेऊन वेग धरला. वेग गेला की ते दगडासारखं खाली येतं. मग उतरायला जागा बघितली. मग डाव्या टाकीवरून उजव्या टाकीवर घेतलं, बाकीचे खटके बघितले. तरी इंजिन धरंना. आणि मग बोलले."

"येवढं सगळं करून मग?"

"बोलण्यानं विमान हवेत राहत न्हाई. पण बोलायचं मात्र नक्की. लाजायचं न्हाई. उशीर करायचा न्हाई."

ती तीनदा 'मेडे' म्हणाली. म्हणजे जीवावरचं संकट आहे, बाकी सगळ्यांनी आपलं बोलणं थांबवा. मग विमानाचा नंबर, इंजिन बंद पडतंय, जळकोटच्या उत्तरेला आहे, माळावर उतरते, आत मी एकटी. ती इतकी खाली आली होती की नांदेडपर्यंत तिचा आवाज पोचलाच नसता. पण वर तिच्याच शाळेचं दुसरं विमान होतं. त्यातल्या मुलीनं, श्रद्धानं, ते ऐकलं आणि जसंच्या तसं पुढं कळवलं. ही श्रद्धा म्हणजे हॉस्टेलात पुनमच्या खोलीतच राहणारी, नांदेडच्या विष्णुपुरीची.

खाली दोन जागा होत्या. एक मूग काढून मोकळं झालेलं काळं रान, लांबच लांब, सपाट. दुसरा मुरमाड माळ, आखूड, चढाचा. कुणीही काळं रान घेतलं असतं. पुनमनं माळ घेतला. आठ दिवसांच्या पावसानंतर काळ्या रानात काय होतं ते तिनं घरी बघितलंय. बैलाचा पाय निघत नाही तिथं. चाक रुतलं असतं आणि विमान उलथून पडलं असतं.

माळावर शेळ्या होत्या. केवळाबाई नावाची एक म्हातारी त्या चारत होती. मी तिला भेटलो. ती सांगत होती, "आवाज न्हाई, काय न्हाई. घार आल्यावानी आलं. मी शेळ्या हाकलल्या आन् बसले खाली डोळे झाकून." विमान दगडांवरून उड्या घेत चढावर गेलं, पुढचं चाक वाकलं आणि नाक टेकून थांबलं. टेकायच्या आधीच पुनमनं पेट्रोल आणि वीज बंद केली होती, दार उघडून ठेवलं होतं. दार वाकून अडकलं तर आत कोंडायला नको म्हणून.

ती उतरून लांब जाऊन उभी राहिली. केवळाबाई पळत आली आणि म्हणाली, "पोरी, तू हाईस व्हय! आन् डायवर कुठंय?"

"मीच हाय आजी."

म्हातारीनं विमानात वाकून बघितलं म्हणे. खात्री करून घेतली.

आम्ही पोचलो तोवर निम्मं जळकोट तिथं जमलं होतं. पुनम सगळ्यांना लांब उभं करत होती. बिडी पेटवू नका, हात लावू नका, चौकशीवाले येईपर्यंत काही हलवायचं नाही. तिला बघून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. चार-पाचशे माणसं आणि मध्ये माझी पोरगी, आणि सगळी तिचं ऐकत होती.

महादेवी सरळ तिच्याकडं गेली. तिचं तोंड दोन्ही हातांत धरून विचारलं, "भ्यालीस का ग?"

पुनम म्हणाली, "हाव. लई."

एवढ्या लोकांसमोर असं कशाला विचारायचं? आणि तिनं तरी कशाला सांगायचं? पण त्या दोघी तिथंच दगडावर टेकल्या.

मग लातूरहून कॅप्टन रेणुकादास आले. तिचे मुख्य शिक्षक, पूर्वी हवाई दलात होते. मला वाटलं आता पाठ थोपटतील, शाबासकी देतील. त्यांनी तिला खालून वर बघितलं, खांद्याचा वळ बघितला आणि विचारलं, "सकाळी टाकीतून नमुना काढलास, तेव्हा पाणी दिसलं होतं?"

"हो सर. डाव्या टाकीत."

"लिहून काढ. आज, विसरायच्या आत. जे दिसलं, जे केलंस, जे केलं नाहीस. सगळं."

बस्स. एवढंच. कसला कोरडा माणूस! नंतर ते एका बाजूला जाऊन पाण्याची बाटली उघडत होते तर झाकण त्यांना फिरवता येईना. शेवटी केवळाबाईनं उघडून दिली. हवाई दलातला माणूस आणि बाटलीचं झाकण निघेना.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेचे मॅनेजर उमाशंकर घरी आले होते. पांढरी गाडी, पेढ्यांचा पुडा. बोलायला मोठे गोड. पुनमचं नाव साऱ्या मराठवाड्यात होणार म्हणाले. मग सावकाश मुद्द्यावर आले.

त्यांचं म्हणणं असं. उडायच्या आधी प्रत्येक टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल एका काचेसारख्या कपात काढून बघतात. पाणी असलं तर ते कपात खाली बसतं. त्या सकाळी पुनमला ते दिसलं. कप स्वच्छ दिसेपर्यंत तिनं पाणी काढून टाकलं, आणि मग गेली. हे सगळं तिनं रिपोर्टमध्ये लिहिलंय. वर असंही लिहिलंय, की मी हे टेक्निशियनला सांगितलं नाही.

"आता बघा अप्पासाहेब," उमाशंकर म्हणाले, "इंजिनात अचानक बिघाड झाला आणि विद्यार्थिनीनं प्रसंगावधान राखलं, एवढं पुरे आहे. हे पाण्याचं वाक्य वाचून विमान खात्याचे दिल्लीवाले म्हणतील, पाणी दिसूनही उडाली. लायसन्सचा प्रश्न आहे. पोरीच्या भल्यासाठी सांगतो. तुम्ही समजूतदार आहात."

मला पटलं. का पटू नये? खोटं लिही असं ते म्हणतच नव्हते. एक वाक्य कमी करा म्हणत होते.

ते गेल्यावर मी पुनमला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, महादेवी शेजारीच होती.

पुनम म्हणाली, "अप्पा, पाणी काढलं ते बरोबर होतं. पण एवढं पाणी टाकीत आलं कुठून, हे विचारायला पाहिजे होतं. सांगायला पाहिजे होतं. ते मी केलं न्हाई."

"मग तुझं चुकलं असं तूच लिहून देणार?"

"दिसलं तसं लिहिणार."

"अगं, कुणी विचारलं तरी का तुला?"

"ते विमान दुरुस्त होऊन पुन्हा उडणार हाय, अप्पा. त्यात मी न्हाई तर दुसरं कुणी बसंल."

मी म्हणालो, "दुसऱ्याची फिकीर दुसऱ्याचा बाप करील."

 मग महादेवीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "लिही तू." आणि बंद केला.

मला भयंकर राग आला. विमानातलं हिला काय कळतं? जन्मात कधी बसली नाही. मी न जेवता शेतात गेलो. तिथंही काही काम नव्हतं, नुसता चिखल.

१४ सप्टेंबर, रविवार

रिपोर्ट गेला. वाक्यासकट. चौकशी संपेपर्यंत पुनमनं उडायचं नाही असं ठरलं. ती बॅग घेऊन घरी आली. मी तिच्याशी कामापुरतं बोलतो.

माझा मेव्हणा व्यंकट मात्र जोरात आहे. सतराला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की इथल्या शाळेच्या मैदानावर पुनमचा सत्कार. बॅनर छापायला टाकलाय. 'निलंग्याची वाघीण'. तीन ठिकाणी लावणार. मी म्हणालो, चार लाव, एक स्टँडवर.

१७ सप्टेंबर, बुधवार

झेंडावंदन झालं. सत्कारही झाला. कसा झाला ते लिहितो.

पुनम यायला तयार नव्हती, महादेवीनं पाठवली. हार, फेटा, नारळ. व्यंकटनं माइकवर सांगितलं, आपल्या पुनमनं पेटलेलं विमान गावावरून वळवून शेकडो लोकांचे प्राण वाचवले. मी खुर्चीत ताठ बसलो होतो. पेटलं नव्हतं, गावही नव्हतं, पण भाषणात थोडं इकडंतिकडं चालतं.

पुनमनं माइक हातात घेतला. म्हणाली, "मामांनी प्रेमानं सांगितलं, पण तसं काही झालं नाही. विमान पेटलं नव्हतं. खाली गाव नव्हतं, शेळ्या होत्या." लोक हसले. मग म्हणाली, "मी उतरवलं ते मला शिकवलं होतं म्हणून. आणि सकाळी मला जे दिसलं ते मी वेळेवर सांगितलं असतं, तर उतरवायची वेळच आली नसती." आणि फेटा नीट काढून टेबलावर ठेवला.

टाळ्या झाल्या, पण कशा झाल्या ते मला कळतं. मागून कुणीतरी म्हणालं, "मंग सत्कार कशाचा?"

व्यंकट घरी येऊन महादेवीला म्हणाला, "अक्का, पोरीला बोलायचं कळत न्हाई." महादेवी म्हणाली, "तुला कळतंय तेवढं बास हाय." मला त्याचा अर्थ लागला नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

पेपरात दोन ओळी आल्या. 'शिकाऊ महिला वैमानिकाच्या विमानाची चौकशी सुरू.' बाजारात खताच्या दुकानावर एकानं विचारलं, "रामलिंगअप्पा, पोरीनं विमान पाडलं म्हणं?"

"पाडलं न्हाई, उतरवलं," मी म्हणालो.

"तेच की."

तेच की! मी खत न घेताच परत आलो. स्टँडवरचा बॅनर वाऱ्यानं एका बाजूनं सुटलाय. मी बघितला, पण बांधायला थांबलो नाही. माणसानं खरं वागावं हे मीच तिला शिकवलं असेल. पण किती वागावं?

२४ सप्टेंबर, बुधवार

आज दुपारी गोठ्याकडं गेलो तर पुनम तिथं मोडक्या खुर्चीवर डोळे मिटून बसलेली. डावा हात पुढं, काहीतरी धरल्यासारखा. उजवा हात एकेका जागी जाऊन थांबत होता, खाली, मध्ये, परत वर. ओठ हलत होते. मला वाटलं जप करतेय. पोरीच्या मनावर परिणाम झाला की काय म्हणून मी तसाच मागं फिरलो. महादेवीला सांगितलं तर ती नुसती म्हणाली, "रोज करती. तुम्हाला आज दिसलं."

संध्याकाळी पुनमनं माझ्यासोबत पाणी उपसायला खालच्या पट्टीत पंप उतरवला. चिखलात दोघंही माखलो. मी विचारलं, "जप कसला करतीस?" तिला आधी कळलंच नाही. मग हसली. "इंजिन बंद पडलं की काय काय करायचं त्याची उजळणी हाय ती, अप्पा. परत बंद पडलं तर हात आपोआप जायला पाहिजे."

परत बंद पडलं तर. म्हणजे ती परत उडायची तयारी करत होती. आणि मी पंधरा दिवस समजत होतो, तिचं सगळं संपलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज लातूरला गेलो होतो. कॅप्टन रेणुकादासांनी स्वतः फोन केला होता, पुनमला घेऊन या, तुम्हीही या. मला वाटलं काढून टाकणार. 

एका मोठ्या खोलीत शाळेची सगळी मुलं-मुली, टेक्निशियन, उमाशंकर, सगळे बसले होते. मला मागच्या बाकावर बसवलं. शेजारी एक गृहस्थ होते, पांढरा शर्ट, चष्मा. नमस्कार झाला, नाव विचारायचं राहिलं.

कॅप्टननी हातात कागद घेतले. नाव न सांगता एक रिपोर्ट वाचायला लागले. आचका कुठं बसला, पहिल्यांदा काय केलं, जागा कशी निवडली, काय बोलली. मग ते पाण्याचं वाक्य वाचलं. "मी पाणी काढून टाकले. कप स्वच्छ झाला म्हणून मला समाधान वाटले. पाणी कुठून आले हे मी विचारले नाही व टेक्निशियनला कळवले नाही."  मला वाटलं जमिनीत जावं.

कॅप्टन म्हणाले, "हा रिपोर्ट लिहिणाऱ्याचं नाव सांगायची गरज नाही."

पुनम उभी राहिली. "माझा आहे सर."

"बस," ते म्हणाले. मग कागद खाली ठेवले. "आता मला सांगा. गेल्या दोन महिन्यांत त्या विमानाच्या कपात पाणी कुणाकुणाला दिसलं? काढून टाकलं आणि कुणाला बोलला नाहीत? शिक्षा नाही. हात वर करा."

आधी कुणीच नाही. मग एका मुलाचा अर्धा हात वर गेला. मग एका मुलीचा. मग इकडून, तिकडून. मी मोजायचं सोडून दिलं. निम्म्याच्या वर खोली हात वर करून बसली होती. प्रत्येकाला दिसलं होतं. प्रत्येकानं आपापल्यापुरतं पाणी काढून टाकलं होतं.

शेवटी कॅप्टननी स्वतःचा हात वर केला. "मीसुद्धा. ऑगस्टमध्ये. मला वाटलं, पावसाळा आहे, येतं थोडं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. विमानं पावसात बाहेर उभी असतात. त्या विमानाच्या टाकीच्या झाकणाचा रबर चिरला होता. पाणी झिरपायचं आणि कोपऱ्यात साठून राहायचं, कपात सगळं यायचंच नाही. वळताना ते सरकून इंजिनाकडं गेलं. पुनमचा रिपोर्ट वाचल्यावर बाहेर उभ्या असलेल्या सगळ्या विमानांची झाकणं उघडून बघितली. आणखी एकाचा रबर तसाच निघाला. त्याच्या टाकीत याच्यापेक्षा जास्त पाणी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते विमान एकटीनं नांदेडला न्यायचं होतं. श्रद्धाला.

माझ्या शेजारचे चष्मेवाले गृहस्थ उठले. ते श्रद्धाचे वडील होते, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.   फोनवर मी पुनमला जे म्हणालो होतो ते मला आठवलं. दुसऱ्याचा बाप हा असा दिसतो. माझ्यासारखाच. हात माझ्यासारखेच गार पडलेले.

विमान खात्याच्या मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्यांनी पुनमला समज दिली, कॅप्टनबरोबर काही जादा फेऱ्या करायला सांगितल्या आणि परत उडायला परवानगी दिली. शाळेला विमानांवर छप्पर घालायला लावलंय. उमाशंकरांनी निघताना मला नमस्कार केला, पण माझ्याकडं बघितलं नाही.

बाहेर कॅप्टन भेटले. मी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी माळावर तुम्ही तिला शाबासकी दिली न्हाई."

ते म्हणाले, "विमान तिनं उत्तम उतरवलं. पण ते मी शिकवू शकतो." मग म्हणाले, "ते वाक्य मी शिकवलेलं नव्हतं."

घरी येऊन महादेवीला सगळं सांगितलं. कॅप्टन काय म्हणाले तेही. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, "हात धुवा, वाढते." मला वाटलं होतं ती चकित होईल.

८ ऑक्टोबर, बुधवार

पुनम लातूरला परत गेली. जादा फेऱ्या चालू आहेत. सोयाबीन निम्मं काळं पडलं, जे हाती येईल ते काढून घेतोय.

आज हॉटेलात त्या खतवाल्याच्या दुकानावरचा माणूस भेटला. मी स्वतःहून त्याला पाण्याची, कपाची, रबराची सगळी गोष्ट सांगितली. हात वर केल्याचीही. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हंजे सगळ्यांनाच दिसत होतं?"

"हाव. लिहिलं एकीनं."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज पुनम पुन्हा एकटी उडणार होती. मी जीप केली. महादेवी, व्यंकट, त्याची बायको, माझे दोन चुलतभाऊ, शेजारचे दोघं. सगळ्यांना दाखवायचं होतं. व्यंकटनं फटाक्याची माळ आणली होती, ती मी गेटबाहेरच जीपमध्ये ठेवायला लावली.

आम्हाला धावपट्टीच्या लांब कुंपणाशी उभं केलं. ऊन कडक होतं, आभाळ धुतल्यासारखं. पुनमनं विमानाभोवती चक्कर मारली. कप धरून उजेडात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आत बसली. इंजिन सुरू झालं आणि चुलतभाऊ म्हणाला, "आली रे, आली." विमान हळूहळू धावपट्टीच्या टोकाला गेलं. तिथं थांबलं. इंजिनाचा आवाज मोठा झाला, मग जरा खाली आला, परत मोठा झाला. आम्ही सगळे मोबाइल वर धरून उभे.

मग विमान वळलं. धावपट्टीकडं नाही. परत आमच्याकडं. ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं, तसंच हळूहळू, आणि जागेवर येऊन बंद झालं.

"काय झालं?" व्यंकट म्हणाला. "भ्याली का काय?"

पुनम उतरली. टेक्निशियनकडं गेली, त्याला काहीतरी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि इंजिनाचं झाकण उघडायला घेतलं. कॅप्टन रेणुकादास लांबूनच बघत होते. ती त्यांच्याजवळ गेली, दोन वाक्यं बोलली. त्यांनी घड्याळाकडं बघितलं नाही, कपाळाला आठी घातली नाही. तिनं काहीतरी रोजचंच काम केल्यासारखे ते तिच्याशी बोलत उभे राहिले.

मग ती कुंपणाशी आली. "आज न्हाई जमत अप्पा. इंजिनाला दोन बाजूंनी ठिणगी मिळती. एकेक बाजू बंद करून बघतो आम्ही. त्यात एका बाजूवर इंजिनाचे फेरे जरा जास्तच कमी झाले. बहुतेक किरकोळ असंल. पण बघून घेऊ द्या."

"किरकोळ हाय तर मारायची की एक चक्कर," व्यंकट म्हणाला. "जीप भरून आलाव आम्ही निलंग्याहून."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटतं ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती. तिच्या तोंडावर अपराधी भाव नव्हता, पण काळजी होती. विमानाची नाही, माझी.

मी म्हणालो, "बघून घेऊ दे. आम्ही काय, पुन्हा येऊ."

महादेवीनं कुंपणाच्या जाळीतून तिची बोटं धरली. 

परत येताना व्यंकट सगळा रस्ता कुरकुरत होता. महादेवी माझ्या खांद्याला टेकून झोपली. सप्टेंबरपासून ती नीट झोपली नव्हती हे मला तेव्हा कळलं, तिचं डोकं किती जड झालं होतं त्यावरून.

औश्याच्या पुढं चहाला थांबलो. आमची वरात बघून हॉटेलवाल्यानं विचारलं, कुठून आलात. चुलतभावानं सांगितलं, अप्पांची पोरगी विमान चालवती, ते बघायला गेलो होतो.

"अरे वा! मंग? उडाली का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. व्यंकटनं मान दुसरीकडं वळवली.

"न्हाई," मी म्हणालो, आणि माझा आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडच्या बाकावरची माणसंसुद्धा वळली. "तिला इंजिन बरोबर वाटलं न्हाई. परत आणलं तिनं."